टीबोभक्त

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात टीबोभक्त हुडकावा लागत नाही. हवापाण्याच्या गप्पा सुरू करा. तिसऱ्या वाक्याला तो आपणहून माजी फुटबॉलपटू टिम टीबोवर येतो. वय साठीच्या आसपास, पोट सुखवस्तू, रविवारी सकाळी चर्च आणि दुपारी फुटबॉल हा नेम. अमेरिकेतलं फुटबॉल, म्हणजे पायापेक्षा हाताने आणि खांद्यानेच जास्त खेळायचं. त्याच्या कपाटात फ्लोरिडा विद्यापीठाची १५ नंबरची जर्सी, डेन्व्हर ब्रॉन्कोजची १५, न्यूयॉर्क जेट्सची १५ आणि बेसबॉलच्या मेट्सचीही १५. देव एकच, देवळं बदलत गेली.

टीबोचं चरित्र त्याला तोंडपाठ. जन्म १९८७, फिलिपिन्समधला. आईवडील बॅप्टिस्ट मिशनरी. शिक्षण घरच्या घरी. कॉलेजच्या दुसऱ्याच वर्षी, २००७ मध्ये, हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. दुसऱ्या वर्षाच्या कुणाला ती त्याआधी मिळालीच नव्हती. मग येतो मुख्य अध्याय. ८ जानेवारी २००९ रोजी राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात टीबो डोळ्यांखालच्या काळ्या पट्ट्यांवर ‘योहान ३:१६’ हा बायबलच्या वचनाचा आकडा लिहून उतरला आणि जिंकला. बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला, डेन्व्हरकडून पिट्सबर्गविरुद्ध खेळताना त्याने किती यार्ड पास फेकले? इथे भक्त आवाज खाली आणतो, इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, “३१६.” आपण अचंबित झालो आहोत याची खात्री पटली की पुढचा बाण : “आणि हाती लागलेल्या पासची सरासरी ३१.६!” त्याच सामन्यात २१ फेकींपैकी ११ कुणाच्याच हाती लागल्या नव्हत्या. हा आकडा कुठल्याही अध्यायात बसत नसल्यामुळे तो सांगायचा राहतो.

भक्ताचं गणित सरळ आहे. जिंकलो तर देवाची कृपा, हरलो तर प्रशिक्षकाची अक्कल. नोव्हेंबर २०११ मध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध टीबोचे आठांपैकी फक्त दोन पास पोचले, तरी डेन्व्हर जिंकलं.

“आठांत दोनच?” मी विचारलं.

“पुरले ना?” भक्त म्हणाला.

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पुरले होते खरे. त्या हंगामात डेन्व्हरने सलग सहा सामने जिंकले आणि टीबोसारखं एक गुडघा टेकून, कपाळाला मूठ लावून फोटो काढायची देशभर साथ आली. पण पुढच्याच वर्षी डेन्व्हरने त्याच्या जागी, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जागी, पेटन मॅनिंगला आणलं आणि टीबोची रवानगी जेट्सकडे झाली. भक्ताच्या लेखी हा विश्वासघात. त्याच मॅनिंगच्या संघाने पुढे, २०१६ च्या फेब्रुवारीत, सुपर बोल हा हंगामाचा अंतिम सामना जिंकला, हे नजरेला आणून दिलं तर उत्तर तयार : “टीबो असता तर इतकी वर्षं थांबावं लागलं नसतं.”

पुढे जेट्सने सोडलं, पेट्रियट्सने सोडलं, ईगल्सने सोडलं. मधली काही वर्षं बेसबॉलमध्ये गेली. भक्ताचं मागणं मात्र एकच : आणखी एक संधी! मे २०२१ मध्ये ती मिळाली, तीही घरच्या मैदानात. आदल्या हंगामात सोळांपैकी एकच सामना जिंकलेल्या जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी टीबोला वर्षाचा करार दिला. प्रशिक्षक कोण? कॉलेजातलेच त्याचे गुरुजी, अर्बन मायर. जागा मात्र नवी. क्वार्टरबॅक म्हणून हयात गेलेला माणूस तेहेतिसाव्या वर्षी टाइट एंड झाला, म्हणजे पास झेलायचे आणि समोरच्या धिप्पाड गड्यांना अडवायचं. भक्ताने त्याच आठवड्यात ८५ नंबरची जर्सी घेतली. “वशिला नाही का हा?” असं कुणी म्हटलं तर तो म्हणे, “गुरूने शिष्याला हाक मारली, तर त्याला वशिला म्हणत नाहीत.”

एकदा मी कॉलिन केपर्निकचं नाव काढलं. वंशभेदाचा निषेध म्हणून राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणारा हा क्वार्टरबॅक २०१६ च्या हंगामानंतर कुठल्याच संघाला नको झाला होता.

“मग त्यालाही एक संधी?”

भक्ताने ग्रिलवरचं मांस उलटलं, मग पुन्हा सुलटं केलं. “तो गुडघा वेगळा,” तो म्हणाला. एवढ्या बडबड्या माणसाचं इतकं तोकडं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

२०२१ च्या १४ ऑगस्टला जॅग्वार्सचा क्लीव्हलँडविरुद्ध सरावाचा सामना झाला. त्या दिवशी टीबोला चौतीस वर्षं पूर्ण झाली. त्याच्या हाती एकही पास आला नाही, आणि एका खेळीत त्याने अडवायला म्हणून घेतलेल्या धडकेची चित्रफीत रात्रीत जगभर फिरली. हसून हसून लोकांची पोटं दुखली. भक्ताने ती फोनवर मला सावकाश चालवून दाखवली, बोटाने थांबवत थांबवत. “हे बघ, पाय इथे निसटलाय. इथे. आता दिसला?” मला दिसला नाही. १७ ऑगस्टला टीबोला संघातून वगळलं. डिसेंबरात खुद्द मायर यांचीच हकालपट्टी झाली, तेव्हा भक्त एवढंच म्हणाला, “वरचा बघत असतो.”

टीबोने स्वतः मिळालेल्या संधीबद्दल जाहीर आभार मानले आणि तो आपल्या कामाला लागला. विकलांग मुलामाणसांसाठी त्याची संस्था दरवर्षी नाचगाण्याची मोठी रात्र भरवते. ते काम फुटबॉलवाचून अडलं नाही. अडलाय तो भक्त.

तरीही या माणसाला वेड्यात काढायला माझी जीभ रेटत नाही. चार चुका झाल्या की माणूस मोडीत काढणाऱ्या धंद्यात हा एकाच्या मागे दहा वर्षं उभा राहिला. प्रार्थना उघड्यावर करणाऱ्याला संधी नाकारू नये, हे त्याचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. फक्त मैदानावर अडवता येतं की नाही, हे प्रार्थनेकडे न बघता पाहावं. आणि संधीची गोष्ट निघालीच, तर दुसऱ्या गुडघ्यालाही तीच मोजपट्टी लावावी.