राखीव दिवस

मी आयुष्यात क्रिकेट खेळलेलो नाही. आमच्या वाड्यात मला एकमताने पंच नेमलं होतं. त्यामागे माझ्या निःपक्षपातीपणाबद्दलचा आदर नव्हता, माझी फलंदाजी होती. तरीही भारतीय संघाच्या बऱ्याच विजयांना माझी उजवी मांडी कारणीभूत आहे. ती डाव्या मांडीवर ठेवली की आपले गडी पडत नाहीत. घरातल्या सोफ्यावर हे वारंवार सिद्ध झालेलं असल्यामुळे, 2019 च्या विश्वचषकाची सेमीफायनल मँचेस्टरला आहे आणि बोल्टनच्या आत्याकडे एक तिकीट जास्तीचं आहे हे कळताच मांडी प्रत्यक्ष मैदानावर नेणं मला भागच होतं.

मँचेस्टर पाहिलं. विटांचं आहे.

9 जुलैला सकाळी आत्याच्या नेहमीच्या टॅक्सीतून निघालो. टॅक्सीवाला मूळचा मीरपूरचा. गाडी दारातून हलायच्या आधीच त्याने विचारलं, "आप लोग इंग्लंड से जान-बूझकर हारे ना?" 30 जूनला एजबॅस्टनला आपण 31 धावांनी हरलो होतो. हातात पाच गडी असूनही शेवटची षटकं एकेरी धावा काढत संपवली होती. आपण जिंकावं म्हणून तेव्हा साऱ्या पाकिस्तानाने देव पाण्यात घातले होते. पुढे पाकिस्तान आणि न्यूझीलंड दोघांचे अकरा-अकरा गुण झाले आणि नेट रनरेटवर न्यूझीलंड आत गेलं. खेळपट्टीवर शेवटपर्यंत आमच्या पुण्याचा केदार जाधव होता, हे मी त्याला सांगितलं नाही. गाडी मोटरवेवर होती.

उतरवून देताना त्याने मोठ्या मनाने शुभेच्छा दिल्या, पण फुटबॉलच्या ओल्ड ट्रॅफर्डसमोर उतरवून. क्रिकेटचं ओल्ड ट्रॅफर्ड तिथून दहा-बारा मिनिटं चालत. आत्याचा गुडघा दुखरा, त्यामुळे पंचवीस. हा सूड होता की अनवधान, यावर आत्याचं आणि माझं अजून एकमत नाही.

आत्या इथे 1970 साली नर्स म्हणून आली आणि त्याच वॉर्डांमधून निवृत्त झाली. रक्तदाब, औषधं, देव यांबाबतीत अत्यंत कोरडी बाई. मी मांडीवर मांडी टाकून बसलो, तेव्हा "व्हेरिकोज व्हेन्स होतील" एवढंच म्हणाली.

न्यूझीलंडने संथ सुरुवात केली आणि संथपणेच पुढे गेले. दुपारी दोनच्या सुमारास 46.1 षटकांत 5 बाद 211 झालेले असताना पाऊस आला. आपल्यासारखा कोसळून मोकळा होणारा नव्हे. कारकुनी पाऊस. टेबलावरून उठायचंच नाही असा. मैदानावर आच्छादन आलं, आमच्यावर आत्याची छत्री आली आणि छत्रीखाली इतिहास आला. इथेच 1983 ची सेमीफायनल जिंकलो, इथेच 1990 साली सतरा वर्षांच्या सचिनने पहिलं कसोटी शतक ठोकलं, हे मी सांगितलं. इथेच 1952 साली एका दिवसात दोनदा सर्वबाद झालात, 58 आणि 82, हे तिने सांगितलं. "झालात" म्हणाली. "झालो" नाही.

मला ते लागलं. तसं म्हणालोही. मग ती जरा वेळ पावसाकडे बघत बसली आणि म्हणाली, "अरे, आले तेव्हा वॉर्डात माझं नाव कुणाला उच्चारता येत नव्हतं. सगळ्या मला नर्स म्हणायच्या, पेशंटसुद्धा. पहिल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी इथे आले, तर शेजारची गोरी माणसं 'फारूख, फारूख' करून ओरडत होती. मुंबईच्या पोराचं नाव, अगदी घरच्यासारखं. मी नुसतं ते ऐकायला यायचे." फारूख इंजिनियर 1968 पासून 1976 पर्यंत लँकेशायर काउंटीकडून खेळला. आत्याने त्याच्यापायी जी लँकेशायरची कंठी घातली ती आजतागायत काढलेली नाही. 1971 ची जिलेट कप सेमीफायनल याच मैदानावर रात्री नऊच्या आसपास संपली. अंधारात लँकेशायरच्या डेव्हिड ह्यूजने एका षटकात 24 धावा कुटल्या तेव्हा आत्या उद्याच्या सकाळच्या ड्यूटीचा विचार न करता खुर्चीवर उभी होती.

संध्याकाळी खेळ थांबल्याचं जाहीर झालं. उरलेला सामना दुसऱ्या दिवशी, राखीव दिवशी. माझं परतीचं विमान त्याच संध्याकाळी होतं. तिकीट बदलायला लागलेले पैसे मी बायकोला सांगितले नाहीत, तुम्हालाही सांगणार नाही.

10 जुलैला न्यूझीलंडने उरलेले 23 चेंडू खेळून 8 बाद 239 केले. मग रोहित, विराट, राहुल, प्रत्येकी एक धाव करून परतले. 3 बाद 5. या स्पर्धेत पाच शतकं ठोकलेला रोहित! कार्तिकचा झेल नीशमने पॉइंटला एका हातात घेतला, 4 बाद 24. मी मांडी बदलली, पुन्हा बदलली, दोन्ही पाय वर घेऊन पाहिले. शेवटी 6 बाद 92 झाल्यावर जडेजा आला आणि त्याने पहिला षटकार मारला तेव्हा मी बाथरूमला जायला अर्धवट उठलेलो होतो.

"तसाच राहा," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"तसाच. अर्धा. हलू नकोस."

ही व्हेरिकोज व्हेन्सवाली बाई! धोनी-जडेजा जोडीने 116 धावा केल्या. त्या काळात मला फार तर खुर्चीच्या काठाला टेकायची परवानगी मिळाली. थंडी, सकाळपासून घेतलेले तीन कप चहा आणि जडेजाचा एकेक षटकार यांचा एकत्रित परिणाम कुठे होतो हे सभ्य भाषेत लिहिता येत नाही. लवकरच आमच्या अख्ख्या रांगेला फतवा लागू झाला. लेस्टरहून आलेलं एक गुजराती कुटुंब होतं. त्यांच्या आजीने जपमाळ कोणत्या हातात धरायची हेही आत्याने ठरवून दिलं. जडेजा 59 चेंडूंत 77 करून बाद झाला तेव्हाही कुणी हललं नाही. धोनी होता ना.

फक्त लेस्टरचे काका उठले. "बस, दो मिनट," म्हणाले आणि गेले.

49 वं षटक. धोनी दुसरी धाव घ्यायला वळला. गप्टिलने लांबून फेक केली आणि ती थेट यष्ट्यांवर बसली. धोनी इंचांनी कमी पडला. मैदानात कुणीतरी आवाजाची कळ बंद केल्यासारखं झालं आणि आमच्या रांगेतल्या प्रत्येकाने मान वळवून काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. काका चिप्सचा ट्रे सांभाळत पायऱ्या चढत होते. "शुं थयुं?" त्यांनी विचारलं. त्यांची सख्खी बायको त्यांच्याशी बोलली नाही. आत्याने त्यांच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि चिप्स आम्हा सगळ्यांत वाटल्या. काकांना सोडून.

18 धावांनी हरलो. परत नेताना मीरपूरवाला एक अक्षर बोलला नाही. भाडं पूर्ण घेतलं.

आत्याकडे लॉर्ड्सच्या फायनलचंही तिकीट होतं. आधीच कित्येक भारतीयांनी तशी घेऊन ठेवली होती. तेवढ्यात नीशमनेच ट्विट करून भारतीयांना विनंती केली की यायचं नसेल तर तिकिटं अधिकृत मार्गाने परत विका. "आधी झेल घेतला, आता तिकीट मागतोय," आत्या म्हणाली आणि हट्टाने गेली. न्यूझीलंड हरताना बघायला.

14 जुलैच्या रात्री पुण्यात फोन वाजला. सामना बरोबरीत, सुपर ओव्हर बरोबरीत आणि चौकार जास्त म्हणून कप इंग्लंडला. शेवटच्या चेंडूवर धावबाद कोण, तर गप्टिलच! मला वाटलं, आत्या खूश असेल. तर आवाज चिरका. "अन्याय झाला रे त्या पोरांवर. तो विल्यमसन कसा हसत उभा होता बघितलंस?"

"आत्या, तू तर त्यांना शिव्या घालायला गेली होतीस."

"सुपर ओव्हरपर्यंत घातल्या. मग नाही घालवल्या. आणि ऐक ना, शेजारी एक इंग्रज होता, सुपर ओव्हरच्या आधी बाथरूमला निघालेला. मी सवयीने त्याचा हात धरून खाली बसवला!" ती क्षणभर थांबली. "जाऊ द्यायला हवं होतं रे मेल्याला."