घड्याळ चाललं, आम्ही बसलो

रविवारी उजाडायच्या आत आमचा चालण्या-धावण्याचा ग्रुप बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटाशी हजर. मुलुंड-घाटकोपरची मंडळी पायी चालण्यासाठी तासभर गाडी चालवून येतात. पहिला अर्धा तास फोटोंत जातो, मग कान्हेरीची वाट : सहा-सात किलोमीटर. बिबळ्याची भीती नाही. आमच्या स्पीकरला तोच घाबरत असावा.

असले ग्रुप नवे नाहीत. 1938 साली क्वालालंपूरच्या गोऱ्या साहेबांनी ‘हॅश हाऊस हॅरिअर्स’ काढलं : आधी पळायचं, मग बिअर प्यायची. आम्ही संस्कारी. आमची धाव मिसळीपर्यंत. जाळलेल्या कॅलरी तर्रीसकट वसूल.

कान्हेरीत शंभरावर लेणी. भिक्खूंनी कातळात पाण्याच्या पोढ्या, म्हणजे टाक्या, खोदल्या. आमच्यात कुणी बाटली विसरलं तर ग्रुपवर शोकसभा भरते.

परतताना पाड्यावरची एक आजी डोक्यावर काकड्यांची पाटी घेऊन आम्हाला मागे टाकून गेली. कुणीतरी हौसेनं विचारलं, “आजी, किती स्टेप्स झाल्या?”

“बाजूला व्हा, उशीर होतोय.”

पावलांचं उद्दिष्ट पुरं झाल्याबद्दल माझ्या घड्याळानं मात्र अभिनंदन केलं. तेव्हा मी रिक्षात होतो. उरलेली पावलं रस्त्यातल्या खड्ड्यांनी भरून काढली.