डफ, शंख आणि दूर्वा

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली, पण एवढ्या वर्षांत स्वतःच्या हाताने कधी ढेकूळभर माती उकरली नाही. उकरणारे वेगळे होते, मी मोजमाप-वहीवर सही करत असे. हा सगळा अनुशेष निवृत्तीनंतर भरून निघाला. त्यासाठी माझ्या हातात कुदळ आली नाही, गोल्फचा छप्पन्न अंशांचा सँड वेज आला.

याला कारण माझा मेव्हणा. तो सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झाला आणि निवृत्त कर्नल करतात तेच करू लागला, म्हणजे पहाटे उठून गोल्फ. एकदा आमच्याकडे चहाला आला असताना म्हणाला, "दाजी, दिवसभर घरात बसून ताईला सूचना देण्यापेक्षा माझ्याबरोबर चला." हा प्रस्ताव ताईने ज्या वेगाने मंजूर केला, त्या वेगाने आमच्या खात्यात एकही फाइल हलल्याचं मला आठवत नाही.

खोटं कशाला बोलू, लांबचे फटके मला बऱ्यापैकी जमले. तीन-चार फटक्यांत मी ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या हिरवळीच्या, जवळ चारचौघांसारखा पोचतो. खरा तमाशा शेवटच्या वीस पावलांत. समोर झेंडा, झेंड्याच्या बुडाशी सव्वाचार इंचांचं भोक, पायाशी शेहेचाळीस ग्रॅमही वजन नसलेला चेंडू. लहान मूलसुद्धा उचलून नेऊन टाकेल. मला मात्र ते अंतर कापायला चार-पाच फटके लागतात आणि त्यातला एखादा मला पुन्हा चाळीस पावलं मागे नेतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चिप म्हणजे चेंडू थोडा उडवायचा आणि बराच लोळवायचा. पिच म्हणजे बराच उडवायचा आणि थोडा लोळवायचा. माझा चेंडू एक तर उडतही नाही आणि लोळतही नाही, नाही तर दोन्ही भरपूर करून शेजारच्या होलवर खेळणाऱ्यांची विचारपूस करून येतो.

या चुकांना नावं आहेत. पहिली डफ. आपल्याकडे डफ शाहिराच्या हातात असतो, इथे तो जमिनीवर वाजतो. क्लब चेंडूच्या चार बोटं मागे जमिनीत शिरतो, 'धप्' असा आवाज येतो, गवताचा एक तुकडा हवेत उडून पुढे जातो आणि चेंडू त्याला निरोप द्यायला जागचा दोन इंच सरकतो. दुसरी टॉप. इथे क्लबची धार चेंडूच्या थेट पोटात बसते आणि तो गोफणीतून सुटल्यासारखा, गुडघ्याच्या उंचीवरून, ग्रीन ओलांडून पलीकडच्या वाळूत जातो. तिसरी चूक शँक. क्लबचं पातं जिथे दांड्याला जोडलेलं असतं तिथल्या गोल नळीवर चेंडू लागतो आणि जवळजवळ काटकोनात उजवीकडे पळतो. जुने गोल्फर हा शब्द तोंडातून काढत नाहीत. आपण रात्री सापाला 'लांबडं' म्हणतो, तसंच. बॅग वाहणाऱ्या आमच्या कॅडीला मात्र असा विधिनिषेध नाही. त्यातून तो शब्द त्याने आपल्या सोयीचा करून घेतलाय. "साहेबांनी शंख केला!" असं तो मोठ्याने जाहीर करतो आणि शिमगा नसतानाही ते अगदी बरोबर वाटतं.

गणपतीच्या दिवसांत या उकराउकरीचा काही उपयोग होईल अशी मला आशा होती. कारण गोल्फवाले ज्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात ती म्हणजे आपली हरळी, अर्थात दूर्वा. आमचा फेअरवे, म्हणजे होलकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा, तिचाच. मी दर होलला सरासरी दोन पेंढ्या उपटतो. हिला म्हटलं, "अगं, बाजारातून दूर्वा आणू नकोस, मी घेऊन येतो." पिशवी भरून आणल्या. हिने एक काडी उचलून चष्म्यापुढे धरली. "अहो, याला तीन पानं कुठायत? हे तर न्हाव्याने मशीन फिरवल्यासारखं दिसतंय." तेही खरंच, फेअरवेवरचं गवत दाढीच्या खुंटासारखं कापलेलं असतं. शिवाय त्यावर काय काय फवारलेलं असेल देव जाणे, आणि त्याच देवाला ते वाहायचं. पिशवी कुंड्यांमध्ये रिकामी झाली.

मैदानावर सल्ल्याला तोटा नाही. एकाने सांगितलं डोकं खाली ठेवा, दुसऱ्याने सांगितलं खांदे फिरवा, तिसरा म्हणाला श्वास सोडा. वास्तविक गोल्फच्या नियमात स्पर्धेच्या वेळी कॅडीखेरीज कुणाकडे सल्ला मागायचा नाही आणि प्रतिस्पर्ध्याला द्यायचाही नाही. मोडला तर फटके मोजायच्या खेळात दोन फटक्यांचा दंड. हा नियम पुण्यात सदाशिव पेठेपासून लागू केला, तर महापालिकेला घरपट्टी लावायची गरज उरणार नाही.

कर्नल सल्ला देत नाही, तो इतिहास सांगतो. मी एकदा लागोपाठ दोन डफ वाजवले तेव्हा त्याने मला १९८५ च्या यूएस ओपनची गोष्ट सांगितली. अमेरिकेत मिशिगनमधलं ओकलंड हिल्स. तैवानचा टी. सी. चेन शेवटच्या दिवशी चार फटक्यांनी पुढे. पाचव्या होलवर दाट गवतातून त्याने चिप मारली. क्लब चेंडूला लागला, चेंडू हळूच वर आला आणि पुढे जाणारा क्लब त्याला हवेतच पुन्हा लागला. एका फटक्यात दोन फटके, वर दंड. चार फटक्यांच्या होलला आठ झाले, आघाडी तिथेच संपली आणि शेवटी तो अँडी नॉर्थच्या मागे एका फटक्याने राहिला. टी. सी.चा लोकांनी 'टू चिप' करून टाकला. २०१९ पासून नियम बदलला, आता चुकून दोनदा लागलं तरी एकच फटका धरतात. चेनला त्याचा काय उपयोग! आमच्या खात्यातही माणूस निवृत्त झाल्यावरच त्याच्या बढतीचा आदेश निघायचा.

"आणि टायगर वूड्स," कर्नल म्हणाला, "२०१५ मध्ये फिनिक्सला त्याला साध्या चिप्स लागेनात. एका फेरीत ब्याऐंशी फटके झाले त्याचे." मला बरं वाटलं. ब्याऐंशी फटके मला पहिल्या दहा होललाच होतात हे मी त्याला सांगितलं नाही.

निदान केलं ते कॅडीने. तीन महिने त्याने माझी बॅग वाहिली, माझे सत्तावीस चेंडू झुडपांतून शोधले आणि एक दिवस क्लब पुसता पुसता म्हणाला, "साहेब, राग येणार नसेल तर बोलू का? तुम्ही बॉलला मदत करता."

मी म्हटलं, म्हणजे?

"बॉल वर जावा म्हणून तुम्ही त्याला खालून उचलायला बघता. तो आपोआप वर जातो, साहेब. क्लब वाकडा कशासाठी केलाय?"

घरी येऊन हे सांगितलं तर हिने पोळी लाटताना मानही वर केली नाही. "हे मी पंचेचाळीस वर्षं सांगतेय. तुम्ही मदत केलेलं काम मला दोनदा करावं लागतं."

आता मी इंजिनिअर आहे, म्हणून कॅडीचं म्हणणं कागदावर आखून पाहिलं. ते तंतोतंत बरोबर निघालं. क्लबची फेरी झोपाळ्यासारखी असते, तिचा एक सर्वांत खालचा बिंदू असतो. तो चेंडूच्या खाली किंवा किंचित पुढे आला पाहिजे. मी चेंडू उचलायला जातो, म्हणजे वजन उजव्या पायावर ठेवून मागे रेलतो, मनगटं मोडतो आणि तो बिंदू चेंडूच्या मागे नेऊन ठेवतो. तिथे क्लब जमिनीत रुतला तर डफ. रुतला नाही, नुसता घासून वर येताना धार चेंडूला भिडली तर टॉप. इतके दिवस मी डफवर एक उपाय करत होतो आणि टॉपवर त्याच्या बरोबर उलटा. दुखणं एकच, मी सर्दीला एक डॉक्टर आणि शिंकेला दुसरा डॉक्टर गाठत होतो.

वजन पुढच्या, म्हणजे डाव्या पायावर टाकायचं आणि तिथेच ठेवायचं. एवढं एकच. पण जन्मभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाचं वजन मागच्या पायावरच असतं. पुढे पाऊल टाकायचं म्हणजे वरून लेखी आदेश लागतो.

शिवाय मी भित्रा. क्लब मागे चांगला डोक्यापर्यंत न्यायचा आणि चेंडूजवळ आल्यावर 'फार लांब जाईल' म्हणून ब्रेक मारायचा, ही माझी पद्धत. मागे जेवढं नेलं त्याहून पुढे थोडं जास्तच जायला हवं. म्हणून मागे कमीच न्यावं.

हे कळल्यावर मी त्याचा अतिरेक केला, ते ओघाने आलंच. चेंडू उजव्या अंगठ्यासमोर ठेवला, हात डाव्या मांडीच्याही पुढे नेले, दांडा झेंड्याकडे झुकवला आणि वरून घाव घातला. क्लब मनगटापर्यंत हादरा देऊन जमिनीत उभा राहिला. कर्नल म्हणाला, "दाजी, बोअर लागला का?" त्याचं झालं असं की वेजच्या बुडाला एक फुगवटा असतो, त्याला बाउन्स म्हणतात. तो क्लबला जमिनीवरून सरकवतो, आत शिरू देत नाही. गोल्फपटू जीन सॅराझेनने क्लबच्या बुडाला धातू वितळवून लावला, ते जाड केलं आणि तो क्लब घेऊन १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकला. दांडा फार पुढे झुकवला की हा फुगवटा मागे लपतो आणि नुसती धार पुढे येते. वेजचं फावडं होतं. म्हणून चेंडू पायांच्या मध्याशी, हात अगदी थोडे पुढे आणि विश्वास पोटावर. क्लबच्या पोटावर म्हणतोय. माझं पोट चेंडू दिसायच्या आड येतं, तो विषय वेगळा.

जिथे मधे काही अडथळा नाही तिथे वेज काढूच नये, हेही कॅडीनेच शिकवलं. आठ नंबरची लोखंडी घ्यायची, ग्रीनवर चेंडू लोळवायच्या पटरसारखी धरायची आणि एक भाग उडवून तीन भाग लोळू द्यायचं. दिसायला गरीब फटका आहे, पण माझ्या बऱ्याच इभ्रतीचं श्रेय त्याला जातं. शंखावर मात्र अजून पक्का इलाज नाही. वजन चवड्यांवर गेलं की माझे हात चेंडूकडे ओढले जातात एवढं कळलंय, पण चवड्यांना ते कळत नाही.

बाकी सगळ्यावर कॅडीने एकच औषध दिलं. सरावाच्या ग्रीनजवळ त्याने क्लब पुसायचा आपला ओला टॉवेल घडी करून चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर पसरला. टॉवेलला न शिवता चेंडू मारायचा. "आणि साहेब, टॉवेलला लागलं तर तो तुम्ही धुवायचा. मी रोज धुतो, मला माहितीय काय मळ निघतो तो."

पहिल्या रविवारी मी टॉवेल नऊ वेळा धुतला. क्लबहाउसमागच्या नळावर माझी इतकी ये-जा झाली, की माळीबुवांनी पाणी जपून वापरा म्हणून सांगितलं. उभ्या महाराष्ट्राला पाणी वाटणाऱ्या खात्याच्या माणसाला! दुसऱ्या रविवारी पाच वेळा. तिसऱ्या रविवारी पावसामुळे टॉवेल आधीच चिखलात होता, तो हिशेबात धरला नाही. मधल्या दिवसांत सोसायटीच्या हिरवळीवर हिचा पंचा घेऊन सराव केला, पण सेक्रेटरींनी हिरवळीसाठी आणि हिने पंचासाठी मनाई हुकूम काढला.

गेल्या रविवारी वीस चिप मारल्या. कर्नल शेजारी उभा राहून पाहत होता. शेवटी त्याला राहवेना. "दाजी, टॉवेलचं कसलं एवढं कौतुक? सरका, मी दाखवतो." त्याने क्लब घेतला, छाती काढली, झेंड्याकडे एकदा पाहिलं आणि मारला.

त्या दिवशी टॉवेल एकदाच धुवावा लागला. तो कर्नलने धुतला.