चारच्या पटीतला गृहस्थ

निवृत्त झालेल्या मराठी गृहस्थाला पूर्वी सोसायटीची कमिटी तरी सांभाळायची असे, नाहीतर मंडईत सगळ्या गाळ्यांवर भाव विचारून पहिल्याच गाळ्यावर भाजी घ्यायची असे. घरात कॉम्प्युटर आला, पाठोपाठ प्रिंटर आला आणि या दोन्ही उद्योगांतून सुटलेला एक नवा इसम तयार झाला. त्याला आपण पुस्तिकाकार म्हणू. बहुधा तो बँकेतून, वीज मंडळातून किंवा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेला असतो. घरच्या गणपतीच्या आरत्या, कुळाची वंशावळ, आईच्या हातचे पदार्थ, सोसायटीला लागणारे प्लंबर आणि वायरमन, काशीयात्रेला काय न्यावं आणि काय नेऊ नये, यातलं काहीही त्याला ए-फोर कागदाला मधोमध घडी घालून, दोन पिना मारून, पंचवीस प्रतींत हवं असतं. लग्नाला निघताना आहेराच्या पाकिटाबरोबर त्याच्या पिशवीत चार प्रती असतातच. ‘बसल्या बसल्या सहज केली’ असं म्हणत तो त्या वाटतो. सहज काहीही झालेलं नसतं, हे त्याच्या घरच्यांना विचारावं लागत नाही. ते आपण होऊन सांगतात.

या गृहस्थाला उतारवयात लेखक व्हायची हौस आली आहे, असं निदान नातेवाईक करतात. मला ते चुकीचं वाटतं. ज्याला लेखक व्हायचं असतं तो कविता करतो, आणि त्याच्याकडून पैसे घेऊन त्याचा संग्रह काढणारे लोक गावोगाव आहेत. पुस्तिकाकार त्यांच्या वाटेला जात नाही. त्याच्या पुस्तिकेतला मजकूर बहुतेक दुसऱ्याचा असतो : आरत्या संतांच्या, पाककृती मावशीच्या, वंशावळ काकांच्या वहीतली. स्वतःच्या नावामागे तो ‘लेखक’ लावत नाही, ‘संकलन’ लावतो. त्याचा खरा जीव पाहायचा तर दुसरं पान उघडावं. तिथे मुद्रक, प्रकाशक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ आणि मुद्रितशोधन या पाचही जागी एकाच माणसाची नेमणूक झालेली असते, खाली ‘खासगी वितरणासाठी’ आणि त्याखाली ‘मूल्य : वाचन व मनन’. छापील पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण हवंच, असं 1867 चा कायदा सांगत असे. 2023 च्या नव्या कायद्याने पुस्तकांना त्या जाचातून सोडवलं. पुस्तिकाकाराने स्वतःला सोडवलेलं नाही. तो ‘मुद्रणस्थळ : राहते घर’ असं छापतो, तेही मोठ्या टायपात. लोक समजतात त्याला लेखक व्हायचंय. त्याला छापखाना व्हायचंय.

पुरावा हवा तर तो कशावर वेळ घालवतो ते पाहावं. मजकूर टाइप करायला दोन दिवस लागले तर पानं लावायला आठवडा जातो. एका कागदाला एक घडी घातली की पाठपोट चार पानं होतात, म्हणून पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच येतात. हा नियम कळला की या माणसाचा स्वभाव बदलतो. सोळा पानांची पुस्तिका असेल तर बाहेरच्या कागदावर एका अंगाला 16 आणि 1, उलट बाजूला 2 आणि 15, आणि अगदी आतल्या कागदाच्या आतल्या बाजूला 8 आणि 9 अशी शेजारीण-शेजारी पानं बसतात. कुठल्याही जोडीची बेरीज 17. ज्याने तीस वर्षं तेरीज जुळवली त्याला हा साक्षात्कार ब्रह्मज्ञानापेक्षा थोडाच कमी वाटतो. हल्ली पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘बुकलेट’ असं बटण दाबलं की हे सगळं आपोआप लागतं, पण आपोआप लागलेल्या गोष्टीवर त्याचा विश्वास नाही. तो कोऱ्या कागदांची डमी घडी घालून तयार करतो, पेन्सिलने आकडे घालतो आणि मगच बटण दाबतो. मजकूर सतरा पानांचा झाला तर इतर कोणी एक पान कमी करेल. हा तीन पानं वाढवतो. एका पानावर पसायदान येतं, कारण नऊ ओव्या एका पानात ऐसपैस मावतात. दुसऱ्यावर घरातल्या सगळ्यांचे रक्तगट येतात. तिसरं ‘टिपणासाठी’ म्हणून कोरं राहतं आणि पुढे सगळ्यांत जास्त तेच वापरलं जातं.

मग पाठपोट छपाई. कागद लांब कडेवर उलटायचा की आखूड कडेवर, या एका प्रश्नावर कित्येक घरांतली शांतता भंगली आहे. आडव्या कागदावर शेजारीशेजारी दोन पानं असताना आखूड कडच हवी. लांब कड निवडली तर निम्मी पानं शीर्षासन करतात. बरं, आरत्यांची पुस्तिका करायची ती गणपतीच्या आधी, म्हणजे ऐन श्रावणात. तेव्हा हवेतला ओलावा कागदात शिरलेला असतो आणि प्रिंटर एकाऐवजी दोन कागद ओढून अडकतो. बिघडलेला कागद रद्दीत टाकावा तर त्यावर देवाचं नाव. पाठकोऱ्या बाजूवर वाण्याची यादी करावी तर तूरडाळ आणि कपड्यांचा साबण यांच्या मागे विठोबा उलटा उभा. त्यामुळे कपाटावर एक गठ्ठा वाढत जातो, ज्याला कोणी पाय लावत नाही आणि हातही लावत नाही. शेवटी पिना. घरातला दहा नंबरचा स्टेपलर कडेपासून जेमतेम चार बोटं आत पोचतो, घडी असते त्याच्या पलीकडे. म्हणून स्टेपलर पुरता उघडायचा, पुस्तिकेखाली खोडरबर ठेवायचं, वरून दाबायचं, पिनेचे पाय रबरातून अलगद उपसायचे आणि चमच्याच्या पाठीने आत वळवायचे. दहावी प्रत होईपर्यंत अंगठ्याला भोक पडतं. काही कर्मठ पिनेला हलकं समजतात आणि दाभणाने तीन भोकं पाडून दोरा ओवतात. ही मंडळी आपापसांतसुद्धा एकमेकांना मानत नाहीत.

या सगळ्या खटपटीला परंपरा आहे, हे पुस्तिकाकाराला माहीत असो वा नसो. गोव्यात राचोलला 1616 साली फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते मराठी असून रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. फाँटची अडचण त्याआधीची नसेल, पण नंतरची नक्की नाही. आमच्या गृहस्थाची जुनी फाइल श्रीलिपीत असते. पुतण्याच्या लॅपटॉपवर ती उघडली की देवीच्या आरतीच्या जागी कंस, टक्क्याची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरं नाचतात. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये शिळाछापावर पंचांग छापलं. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं छापील कागदाला शिवत नव्हती, तर त्यांनी तुपाची शाई केल्याचं सांगतात. शाईची कटकट आजही आहे, फक्त आज काडतूस तुपापेक्षा महाग पडतं. अमेरिकेतल्या लेकीने हीच फाइल तिथल्या मंडळासाठी छापली तर आणखी एक घोटाळा होतो. तिथला लेटर कागद ए-फोरपेक्षा 18 मिलिमीटरने आखूड, म्हणून घडीची पुस्तिका न करता उभ्या पानावर, माप न बदलता छापलं तर तळाची ओळ कापली जाते. आरतीत कवीचं नाव असतं ते बहुधा नेमकं शेवटच्या ओळींत.

आता आक्षेप. पहिला असा, की सगळ्या आरत्या मोबाइलवर आहेत, मग कागद कशाला? मोबाइलवर सगळ्या आहेत हीच अडचण आहे. घरी वीस माणसं आरतीला उभी राहिली आणि वीसही जणांनी आपापला मोबाइल काढला, तर पाठभेदांचा असा गोंधळ होतो की टाळ वाजवणारा थांबून पाहतो. त्यात एकाचा स्क्रीन काळा होतो, एकाला बँकेचा फोन येतो. शिवाय देवीनंतर शंकर की आधी दत्त, आणि मंत्रपुष्पांजलीपूर्वी घरची ती एक जास्तीची आरती म्हणायची की नाही, हा त्या घराचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर इंटरनेटवर नसतं. ते त्या पंचवीस प्रतींत असतं, ठळक टायपात आणि क्रमांकासह.

दुसरा आक्षेप हिशेबाचा : कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे हेच काम स्वस्तात झालं असतं. मान्य, झालं असतं. पण पुस्तिकाकाराने छपाई विकत घेतलेली नाही, छपाईचा अधिकार घेतला आहे. रात्री अकरा वाजता मेव्हण्याच्या नावातला र्‍हस्व ‘वि’ दीर्घ हवा असं लक्षात आलं, तर तो तेवढा एकच कागद पुन्हा छापून आत सरकवतो. कुठल्याही प्रकाशकाने मेव्हण्यासाठी इतकं केलेलं नाही. तिसरा आक्षेप जरा जड आहे. अशी पुस्तकं कोण वाचतं? इथे त्याचे कैवारी मोठी नावं पुढे करतात. व्हर्जिनिया आणि लेनर्ड वुल्फ यांनी 1917 मध्ये घरातल्या जेवणाच्या टेबलावर हातयंत्र मांडून पुस्तक छापलं. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांचं ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर निघत असे. हा बचाव कामाचा नाही. त्या लोकांना काही म्हणायचं होतं म्हणून त्यांनी यंत्र गाठलं. आमच्या गृहस्थाकडे यंत्र आहे, म्हणून तो म्हणण्यासारखं काही शोधत घरभर फिरतो.

पण त्या फिरण्यातच त्याचा उपयोग आहे. सांगण्यासारखं काही नसलेला माणूस दुसऱ्याला विचारायला जातो. कोपऱ्यात बसलेल्या आत्याला मेतकुटात कोणती डाळ किती, हे वीस वर्षांत कोणी विचारलेलं नसतं. तो विचारतो, कारण त्याला अकरावं आणि बारावं पान भरायचं असतं. पणजोबांच्या धाकट्या भावाचं काय झालं, हेही तो विचारतो, कारण वंशावळीत तिथे चौकट रिकामी राहिली तर डावीकडचा समतोल बिघडतो. मायेने जे विचारायचं राहून गेलं ते चारच्या पटीने विचारून घेतलं. अशा घरगुती माहितीला मोठं पुस्तक पेलत नाही, तिला प्रकाशक नको आणि गिऱ्हाईकही नाही. तिचं माप मुळातच घडी घातलेल्या चार कागदांचं आहे. ते माप ओळखणारा घरात एखादा तरी असावा.

तेव्हा अशी पुस्तिका हातात पडली तर मजकुराचं कौतुक करू नये. मजकूर आपला नाही हे त्याला ठाऊक असतं, आणि संतांच्या वतीने आभार मानताना तो अवघडतो. प्रत मधोमध उघडावी, पिना घडीवर बरोबर बसल्या आहेत का ते बोटाने पाहावं आणि गंभीरपणे एवढंच विचारावं, ‘आखूड कडेवर उलटवलात ना?’ पुढची चारही पुस्तकं तुम्हाला घरपोच येतील.