रुसून नाशकास कसे जावे: नवशिक्या सरदारांसाठी

पुण्यात कारभाराचा वाटा मिळेना, पुतण्या ऐकेना, की थोर घराण्यातल्या माणसाने रुसावे. मात्र रुसायला जागा लागते. ती इतकी लांब हवी की रोजचे टोमणे कानावर येऊ नयेत, आणि इतकी जवळ की समजूत काढायला निघालेल्याचा विचार वाटेत बदलू नये. राघोबादादांनी नाशिक निवडले. तीर्थक्षेत्र असल्याने ‘गंगेवर राहायला गेलो’ असे सांगता येते; रुसवा आणि पुण्य एकाच खर्चात.

आधी गाव बघा. शहराबाहेर, नदीकाठी. दादांनी चावंडस नावाच्या खेड्यात वाडा बांधला आणि गावाचे नाव आनंदवल्ली करून टाकले. पत्नीचे नाव आनंदीबाई. नाशिककरांना याहून जास्त पुरावा लागत नाही. हल्ली त्याच बाजूला गंगापूर रोडवर फ्लॅट घेणारा फार तर दारावरची पाटी बदलतो.

मग शेजार. इथे जरा जपून. त्याच वाटेने नदीच्या वरच्या अंगाला गंगापूर आणि तिथे थोरल्या जाऊबाई, नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई. त्याही पोटच्या माधवरावाशी पटेना म्हणूनच आलेल्या. एकाच पोरावर रुसलेली दोन घरे, एकाच रस्त्यावर! बरे, म्हणून दोघांची एकजूट होईल असे समजू नये. पाणी आधी थोरलीच्या घाटावरून येते, हे धाकटीने पत्करून टाकावे.

पैशाचे म्हणाल तर पराक्रमावर विसंबू नका. १७५८ साली अटकेपर्यंत मजल मारणारे दादा पुण्यास कर्ज घेऊनच परतले. वाड्यावर मात्र शागीर्द, तट्टे, ब्राह्मणभोजने रोज उभीच. वसूल येईल तेव्हा येईल.

पुतण्याने समेटाची भाषा केली तर फार ताणू नये. दादांनी ताणले, फौज जमवली, १७६८ मध्ये चांदवडजवळच्या धोडपला हरले आणि पुण्यास गेले ते शनिवारवाड्यात नजरकैदेत. रुसवा फौजेवाचूनच शोभतो.

दत्तकाची घाई नको. अमृतरावांना दत्तक घेतल्यावर काही वर्षांनी, १७७५ साली, दादांना धारला बाजीराव झाले. धाकटे चिमाजी तर वडील गेल्यानंतर जन्मले. एवढ्या वारसांना पुरेल असा वाडा नाशकात नव्हता, पुण्यात होता, आणि भांडण त्याचेच होते.

पत्रव्यवहारात अक्षर सुवाच्य असावे. याहून जास्त इथे लिहीत नाही.

शेवटी तनखा. सालबाईच्या तहात (१७८२) दादांना दरमहा २५,००० रुपये ठरले आणि ते त्याच गंगेच्या खालच्या अंगाला कोपरगावी राहायला गेले. पुढच्याच वर्षी वारले. तहातला तनखा अशा वयात घेऊ नये की हप्ते मोजायला बोटे पुरतील. आनंदीबाई मात्र आनंदवल्लीतच १७९४ साली गेल्या, आणि मुलांना नाना फडणविसांनी जुन्नरला हलवले.

एक सूचना राहिली. वाड्याशेजारी देवस्थान जरूर असावे. आनंदवल्लीत दादांचा दरबार विचारत कुणी येत नाही, पण नवश्या गणपतीला चतुर्थीच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही.