फाशी व्हायची हाये, बोलणं छापून तयार!

"काहो गुरुजी, काल दिसले नाही दिवसभर?"

"चांद्याले गेल्तो, काकू. मुकुटबनातून वणी, वणीतून चांदा. 21 ऑक्टोबर होती ना! जुन्या जेलातल्या पिंपळापाशी इंग्रजाशी लढलेल्या बाबुराव शेडमाकेयले मानवंदना असते. लय गर्दी."

"तेथंच फाशी देल्ली ना त्यायले? आमची बुढी सांगे, दोर घडीघडी तुटला म्हनून."

"लोकायच्या गोष्टीत तुटते तो. इंग्रजानं मात्र 1858 साली फाशी देल्लीच. वय अवघं 25."

"सापडले कसे मंग?"

"अहेरीच्या लक्ष्मीबाईनं पकडून देल्लं. तिले बक्षिसात जमिनदारी भेटली."

"अगाई! आपल्यातल्याच बाईनं! बरं, मरतानी काय बोलले?"

"चौघायले विचारा, चौघं चार बोल सांगतीन. पण काकू, विलायतेतली गंमत आयका. तीनशे वर्षांआधी लंडनात टायबर्नले चारचौघात फाशी देत. पाह्याले ही जत्रा! अन् त्या गर्दीतच 'मरणाऱ्याचं शेवटचं बोलणं' म्हणून छापील कागद विकत."

"इतल्या लवकर छापे कोन?"

"आधीच छापून ठेवत ना! माणूस गाडीवर जिता बसला हाये अन् त्याचा पस्तावा लोकायच्या हातात."

"काय बाई हे! अन् तो काही बोललाच नाही तं?"

"कागद तं खपला ना! न्यूगेट जेलचा पादरी कैद्यायची कबुली काढे, छापे अन् विके. चांगली वरकमाई होती त्याची."

"मोक्षाच्या गोष्टी सांगनाराच दुकान मांडून बसला म्हना!"

"म्हणून मले पुण्याचे क्रांतिकारक दामोदर चाफेकर मोठे वाटते. 18 एप्रिल 1898 ले येरवड्याले फाशी गेले, हातात टिळकायनं देल्लेली गीता. पण त्याआधी जेलात बसून आपली सारी हकिकत त्यायनं सोताच्या हातानं लिहून काढली. मधात ना पादरी, ना छापखाना."

"अन् आपल्या बाबुरावचं?"

"त्यायचं बोलणं कामात पाहा. 24-25 वर्षांचं पोरगं जंगोम दल नावाची आपली फौज उभी करते, मार्च 1858 मध्ये राजगड घेते, एप्रिलात चिचगुंडीले तारवाल्या साहेबायचा तळ मारते. आणखी काय बोलाव लागते?"

"खरं हाये. फासावर चढवनाऱ्यानं सांगतलेलं मरनाऱ्याचं बोलनं आपून अर्धंच धराव, गुरुजी. बाकीचं त्याच्या कामात पाहाव."