सत्तर तास आणि जावईबापू

बेंगळुरूच्या जयनगरात राहण्याचे काही फायदे घराच्या जाहिरातीत येत नाहीत. झाडं आहेत, चौथ्या ब्लॉकचं मार्केट आहे, फुटपाथ आहेत (त्यांवर दुकानं आहेत, पण दुकानांखाली फुटपाथ आहेत). शिवाय थोरामोठ्यांचा शेजार आहे. इन्फोसिसचे नारायण मूर्ती याच जयनगरचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी देशातल्या तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितलं, तेव्हा बाकी देशाला ती बातमी वाटली. आम्हाला वडीलधाऱ्यांनी गॅलरीतून ओरडल्यासारखं वाटलं.

दाखला त्यांनी परदेशाचा दिला होता. महायुद्धानंतर जर्मनीने आणि जपानने हेच केलं म्हणे. आमच्या जावईबापूंना हा दाखला भलताच पटला. ते इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत आहेत. सत्तर तास ते आधीपासूनच भरतात. आता त्या तासांना राष्ट्रकार्याचा दर्जा मिळाला, पगार तेवढाच राहिला.

मी बँकेतला माणूस, युनियनच्या वर्गण्या भरून निवृत्त झालेला. त्यामुळे दाखला दिला की व्हाउचर मागायची खोड जात नाही. जर्मनीचं व्हाउचर असं आहे : १९५१ मध्ये तिथे कायदा झाला आणि कोळसा-पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना मिळाल्या. १९५६ च्या मे दिनाला तिथल्या कामगार संघटनांनी पोस्टरवर एक पोरगं उभं केलं. शनिवारी बाबा माझे, असं ते सांगत होतं. मागणी आठवड्याला चाळीस तासांची होती आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ती बऱ्याच उद्योगांत पदरात पडली. १९८४ मध्ये तिथले धातुकामगार पस्तीस तासांसाठी संपावर गेले. म्हणजे जर्मनीने देश उभा केला हे खरं, पण संध्याकाळी घरी जाऊन केला. दाखला देताना एवढा भाग गाळलेला दिसतो. वेळ नसेल मिळाला. सत्तर तास काम असलं की असं होतं.

जावईबापू म्हणाले, "बाबा, जर्मनीचं सोडा. ग्रीस बघा, आळशीपणाने बुडाला."

हा ग्रीसचा आळशीपणा फार कष्टाळू आहे. ग्रीक माणूस वर्षाकाठी जर्मन माणसापेक्षा पाचशेच्या आसपास तास जास्त राबतो. तरी कर्जाचं संकट आलं तेव्हा औषध त्यालाच पाजलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथलं किमान वेतन एका फटक्यात २२ टक्क्यांनी उतरवलं, पंचविशीच्या आतल्यांचं ३२ टक्क्यांनी, आणि सामूहिक करारांचे दात काढून घेतले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला स्पेन, पोर्तुगाल, इटली आणि ग्रीसमधले कामगार एकाच दिवशी संपावर उतरले. टीव्हीवर ते पाहून आमच्याकडे हळहळ व्यक्त झाली होती : बिचाऱ्यांना करिअरचं गांभीर्य नाही. आता ते आलंय. जुलै २०२४ पासून तिथे काही उद्योगांत सहा दिवसांचा आठवडा सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेरा तासांच्या दिवसाला तिथल्या संसदेने मान्यता दिली. अथेन्सला जयनगरचं वारं लागलं म्हणायचं.

पण तेरा म्हणजे काहीच नाही. त्याच जुलैत, २०२४ च्या, इथल्या आयटी कंपन्यांनी कर्नाटक सरकारकडे दिवसाला बारा तासांहून जास्त काम घेण्याची मुभा मागितली होती. बेरीज चौदापर्यंत जात होती. कामगारमंत्री संतोष लाड यांनी उद्योगांचा दबाव असल्याचं उघड सांगून टाकलं. मंत्र्याने दबाव कबूल करावा हा आमच्या राज्यातला पारदर्शक कारभार. प्रस्ताव बारगळला आणि जून २०२५ मध्ये बारा तास होऊन परत आला. बाजारात चौदाशे सांगून बाराशेला देतात तसा. गिऱ्हाईक खूश व्हायला पाहिजे, पण झालं नाही. केआयटीयू ही आयटीवाल्यांची संघटना दोन्ही वेळा आडवी आली.

आयटीवाल्यांची संघटना आहे, २०१७ मध्ये स्थापन झालेली, हे सांगितलं की जयनगरात लोक चष्मा काढून पुसतात. जावईबापूंचं म्हणणं, "युनियन कामगारांची असते." मग तुम्ही कोण? तर ते सीनियर लीड आहेत. त्यांच्या हाताखाली कोणी नाही, वर नऊ जण आहेत. पण लीड आहेत.

आमचे शेजारी राव सार बीईएलमधून निवृत्त झाले. डिसेंबर १९८० मध्ये इथल्या सरकारी कारखान्यांत, एचएमटी, एचएएल, आयटीआय, बीईएल सगळीकडे, संप झाला. सव्वा लाखाच्या आसपास कामगार सत्त्याहत्तर दिवस बाहेर होते आणि मार्च १९८१ मध्ये जवळपास रिकाम्या हातांनी परत गेले. राव सार त्या संपाबद्दल बोलायला लागले की कॉफी दोनदा होते. मला त्यातली तारीखच तेवढी खुणावते : मार्चमध्ये संप मोडला आणि जुलैत पुण्यात इन्फोसिसची नोंदणी झाली. योगायोगच. पण या शहराने तेव्हा गेटवरचा भोंगा जो बंद केला, तो अजून कोणी लावलेला नाही. पूर्वी भोंगा वाजला की सुट्टी व्हायची. आता लॅपटॉप 'टिंग' करतो, तो रात्री साडेअकराला.

मेट्रोचंही बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या शेजारच्या आर. व्ही. रोडवरून थेट इलेक्ट्रॉनिक सिटीला पिवळी लाइन सुरू झाली. सिल्क बोर्ड चौकाच्या कोंडीत जाणारा जावईबापूंचा रोजचा तास वाचला. मुलगी म्हणाली, चला, जेवायला तरी घरी येतील. तो तास कंपनीने आठवड्याभरात शोधून काढला. सकाळी एक नवी मीटिंग लागली.

रविवार अजून शिल्लक आहे. तो आकाशातून पडला अशी घरात समजूत आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव जावईबापूंना ठाऊक नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत माणसं सातही दिवस राबत होती, तेव्हा लोखंड्यांनी १८८४ पासून अर्ज, सह्या, सभा यांचा धडाका लावला. रविवार खंडोबाचा, तो दिवस आम्हाला द्या, असा बिनतोड मुद्दा काढला आणि १० जून १८९० ला सुट्टी मिळवली. पुढे १९४६ मध्ये, बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना, कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. ते सत्तरवर न्यायचे म्हणजे लोखंड्यांच्याही मागे जावं लागेल. प्रगतीला मागे जायला रस्ता मोकळा आहे, फक्त सिल्क बोर्डाला जरा अडकेल.

घरात कामाचे तास ठरवून घेतलेलं माणूस एकच, आमच्या स्वयंपाकाच्या लक्ष्मक्का. रविवारी येत नाहीत, सणाला बोनस घेतात, पाहुणे वाढले तर पोळ्यांमागे जादा पैसे आधी सांगतात. घरकामगारांना किमान वेतन कर्नाटकाने २००४ मध्येच लागू केलं, हेही त्यांनीच आम्हाला ऐकवलं. जावईबापू त्यांच्यावर वैतागून म्हणाले, "फार युनियनबाजी करतात." रात्री दहाला पोळी स्वतः गरम करून घेताना म्हणाले.

गेल्या महिन्यात मात्र त्यांच्या टीममधले चौघे एका कॉलवर 'स्वेच्छेने' राजीनामा देऊन गेले. त्यानंतर जावईबापू दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "बाबा, ती संघटना... सभा कुठे असते?"

फ्रीडम पार्कला. या शहरात निदर्शनं तिथेच करायची, असा २०२१ पासूनचा आदेश आहे. पूर्वी तिथे सेंट्रल जेल होतं. आणीबाणीत वाजपेयी-अडवाणींना तिथेच ठेवलं होतं. स्वातंत्र्याची जागा सरकारने विचार करून निवडली आहे.

"मग जा की," मी म्हटलं.

"शनिवारी रिलीज आहे. तुम्ही जाल? तुमच्याकडे वेळ असतो. फक्त फोटोत येऊ नका, एचआरवाले बघतात." मग थोडा विचार करून त्यांचा चेहरा उजळला. "नाही, या फोटोत. तुमचं आडनाव वेगळं आहे."